खांद्याचं माप

तोमासाच्या पत्राला क्रिसान्तोने उत्तर दिलं नव्हतं. अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत माणूस कितीतरी पत्रं विसरतो आणि त्याबद्दल त्याला कुणी जाब विचारत नाही. पण हे पत्र तो विसरला नव्हता. ते त्याच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात होतं, आणि त्या पत्राच्या घडीत एक कार्ड होतं. चर्चमध्ये मिस्सेला जाताना तो हे पुस्तक घरी ठेवायचा आणि दुसरं घ्यायचा. त्याला मुद्दाम काढून वाचायची गरज नव्हती. वहीचा फाडलेला कागद, निळी शाई, ओळी उजवीकडे खाली उतरत गेलेल्या. "क्रिसान्तोभाऊ, मी तोमासा, इलारियो पिरिरची बायको. हाडं तपासणारी मंडळी आमच्याकडे येऊन गेली. राजधानीच्या दफनभूमीत बेवारशांचा खड्डा उघडला आहे, त्यातून बरीच माणसं निघाली. नातेवाइकांचं रक्त घेऊन ते जुळवून बघतात. पण इलारियो अनाथाश्रमात वाढलेला, आम्हाला मूल नाही, मग रक्त कुणाचं आणायचं? ते म्हणाले, त्याची उंची, अंगावरची जुनी मोडतोड, असं काही त्या काळात लिहिलेलं असेल तर आणा. मिरवणुकीच्या मंडळाची कार्डं तुम्ही ठेवत होता. त्याचं कार्ड असलं तर पाठवा. त्याला कुणी नेलं ते मी विचारत नाही. मला त्याला पुरायचं आहे. क्रिसान्तोभाऊंसारखा विनम्र माणूस मंडळात दुसरा नाही, असं तो नेहमी म्हणायचा."

ही शेवटची ओळ तिने नसती लिहिली तर आपण उत्तर दिलं असतं, असं तो पुष्कळदा मनाशी म्हणे. ते खरं नव्हतं, हेही त्याला ठाऊक होतं. पत्र आलं त्यानंतर काही वर्षांनी देशातलं टपालच बंद पडलं. पोस्टाची दारं लागली, पेट्यांवर धूळ बसली, लोक हळहळले. क्रिसान्तोला त्या दिवशी इतकं हलकं वाटलं की स्वतःचीच लाज वाटून तो चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकून बसला. आता पाठवायचं ठरवलं तरी पाठवणार कसं? पुढे पोस्ट पुन्हा उघडलं. ती बातमी त्याने वर्तमानपत्रात वाचली, घडी घातली, आणि तो कागद गॅसच्या शेगडीखाली अंथरला.

आज उपवासकाळातला पहिला शनिवार होता, आणि सकाळी चर्चच्या सभागृहात मापं चालली होती. शुभ शुक्रवारी क्रूस घेतलेल्या येशूची मूर्ती ज्या लाकडी चौथऱ्यावरून निघते तो चौथरा ऐंशी माणसं खांद्यावर घेतात, आणि चौका-चौकाला माणसं बदलतात. एका खेपेला सगळे एका उंचीचे लागतात, नाहीतर उंचाच्या खांद्यावर सगळा भार येतो आणि बुटका नुसता लाकडाखालून चालतो. म्हणून मंडळ प्रत्येकाचा खांदा जमिनीपासून मोजतं आणि कार्डावर लिहून ठेवतं. क्रिसान्तोच्या कार्डावर एक मीटर एक्केचाळीस होतं. ते तरुणपणीचं. दर वर्षी तो रांगेत उभा राहून जुनं कार्ड पुढे करायचा आणि नवी पावती घेऊन घरी यायचा. यंदा मंडळाने नियम केला की सत्तरीच्या पुढच्यांनी पुन्हा मोजून घ्यावं. माप घ्यायला ओबदुलियो होता, बाजारातला खाटीक, तोंडाने फटकळ आणि हाताने हळवा. त्याने लाकडी पट्टी क्रिसान्तोच्या पाठीला लावली.

"सरळ उभे राहा, काका. वाकू नका. इथे विनम्रपणा चालत नाही, माप चुकतं."

रांगेतले हसले. क्रिसान्तो सरळ उभा राहिला, निदान त्याला तसं वाटलं. ओबदुलियोने पट्टीवरची फळी खांद्यावर टेकवली, डोळा बारीक केला, पुन्हा टेकवली.

"एक सदतीस."

"एक्केचाळीस आहे ना?"

"होतं. म्हातारपणी सगळंच आखडतं, बायको केली असतीत तर तिने वेळेवर सांगितलं असतं." पुन्हा हशा. मग ओबदुलियो थांबला. पट्टीकडे बघून त्याने मनात काहीतरी हिशेब केला आणि त्याचा आवाज खाली आला. "पण काका, चार सेंटिमीटर म्हणजे... मागच्या वर्षी मी तुमच्याच मागे होतो. म्हटलं आज येशू एवढा जड का झालाय! अहो, लाकूड तुमच्या खांद्याला लागतच नव्हतं की. एवढी वर्षं तुम्ही नुसते खालून चालत होता!"

"असेल," क्रिसान्तो म्हणाला.

"असेल काय, आहेच. जाऊ दे, यंदा आमच्यावर उपकार करा. सदतीसच्या रांगेत या आणि जरा उचला." त्याने नव्या कार्डावर आकडा लिहिला आणि क्रिसान्तोच्या हातात दिला. एक, मग टिंब, मग तीन आणि सात. क्रिसान्तोने तो आकडा पाहिला. त्याच्या घरी, प्रार्थनापुस्तकात, पत्राच्या घडीत जे कार्ड होतं त्यावर त्याच्याच अक्षरात हाच आकडा होता. इलारियो पिरिर. सुतार. खांदा १.३७. भार डाव्या खांद्यावर द्यावा, उजव्या हासळीचं हाड लहानपणी मोडून जुळलेलं. तो बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं झिजत झिजत त्या माणसाच्या मापाला येऊन पोचला होता.

सभागृहातून बाहेर आल्यावर त्याला घरी जाववेना. चौकातल्या बाकावर तो बसला. नीलमोहराची फुलं फरसबंदीवर सांडली होती, आणि कुणीतरी कोरोझो नावाच्या ताडाच्या पिवळ्या फुलोऱ्याच्या पेंढ्या विकायला आणल्या होत्या. तो गोड, जड वास. या शहरात तो वास आला की लोकांना मिरवणूक आठवते, रंगवलेल्या भुशाचे गालिचे, सुका मासा, गोडाधोडाची पानं. क्रिसान्तोला तो वास आला की मोटारीचं इंजिन ऐकू येतं. चर्चच्या ऑफिसच्या खिडकीखाली चालू ठेवलेलं इंजिन, बंद न करता, जणू आत गेलेल्यांचं काम मिनिटाभराचंच आहे. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता आणि चर्चचा कारकून होता. बाप्तिस्म्याची पुस्तकं, लग्नाची पुस्तकं, मंडळाची कार्डं. त्याचं अक्षर इतकं सुंदर होतं की लोक दाखला घेतल्यावर तो भिंतीला लावत. उपवासकाळ होता, मंगळवार होता, टेबलावर त्याच फुलोऱ्याची एक पेंढी होती, आणि दुपारी तीन वाजता दोन माणसं आत आली. दोघेही स्वच्छ दाढी केलेले. एकाने टोपी काढून छातीशी धरली. त्यांना बाळाचा बाप्तिस्मा करायचा होता म्हणे, आणि इलारियो पिरिर या सज्जन माणसाला धर्मपिता करायचं होतं, तर त्याचा पत्ता हवा होता. बाळाचं नाव त्यांनी सांगितलं नाही आणि क्रिसान्तोने विचारलं नाही. इलारियो दरीतल्या वस्तीत राहायचा. संध्याकाळी सात-आठ घरची माणसं त्याच्या अंगणात जमून बायबल वाचत, आणि वाचून झाल्यावर कुणाच्या घरात दाणे नाहीत, कुणाला खुर्चीत बसवून पायऱ्यांवरून दवाखान्यात न्यायचं आहे, ते ठरवत. त्या वर्षांत सरकारी माणसांनी उचलून न्यायला एवढं पुरेसं होतं. क्रिसान्तोला हे ठाऊक होतं. खिडकीखालच्या गाडीच्या काचा काळ्या आहेत, हेही त्याने पाहिलं होतं. कार्ड नाही असं म्हणता आलं असतं. पेटीची किल्ली फादर सेल्सोंकडे आहे असं म्हणता आलं असतं. त्याने पेटी उघडली. बोटांनी कार्डं सरकवत सरकवत ते कार्ड काढलं आणि पत्ता वाचून दाखवला, आणि टोपीवाला म्हणाला, "त्या दरीत घरांना नंबर नसतात हो. तुमचं अक्षर किती सुंदर आहे! जरा नकाशा काढून देता?"

आपण नकाशा का काढला, या प्रश्नापाशी तो नेहमी येऊन थांबे. पत्ता भीतीने दिला. ती भीती त्याला समजत होती, माणसाला भीती वाटते. पण नकाशा? नकाशा त्याने चांगला काढला. कोरा कागद घेतला, तो इलारियोच्या कार्डावरच ठेवला, टोकदार पेन्सिल घेतली. चर्च, मग वळण, मग पाण्याची निळी टाकी, मग चौदा पायऱ्या, त्या त्याने एक-एक मोजून काढल्या, मग डावीकडे पेरूचं झाड. झाडाला पानंही काढली. त्या माणसांनी पानं मागितली नव्हती. त्याला शाळेपासून सवय होती, कुणी काही सांगितलं की ते नीट करायचं, सांगितल्यापेक्षा थोडं जास्त करायचं, म्हणजे समोरचा खूश होऊन निघून जातो. लोक याला विनम्रपणा म्हणत. त्याने त्या दोघांना कॉफीही विचारली. ते नको म्हणाले, आभार मानले, आणि टोपीवाल्याने जाताना देवाच्या मूर्तीसमोर गुडघा वाकवला. इंजिनाचा आवाज दूर गेला. क्रिसान्तोने कार्ड परत ठेवायला उचललं, खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, आणि कार्डावर त्याला नकाशा दिसला. पेन्सिलीच्या दाबाने उमटलेला, शाईशिवाय, टाकी, पायऱ्या, झाड, पानं. त्याने ते कार्ड पेटीत ठेवलं नाही. सदऱ्याच्या आत ठेवलं.

घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. दरीतली वस्ती पायी वीस मिनिटांवर होती. इलारियो साडेपाचला कामावरून घरी येत असे, हे त्या माणसांना नसेल माहीत, पण क्रिसान्तोला माहीत होतं. कुणाच्या वर्कशॉपमध्ये तो काम करतो तेही माहीत होतं. तिथे जाऊन एवढंच म्हणायचं होतं, आज घरी जाऊ नका. क्रिसान्तोने टेबलाचा खण उघडला, सगळ्या पेन्सिली बाहेर काढल्या आणि त्यांना टोक करायला बसला. एक झाली की दुसरी. संध्याकाळची घंटा वाजेपर्यंत तो टोक करत होता. काही पेन्सिली इतक्या आखूड उरल्या की त्यांनी पुढे लिहिताच आलं नाही. नंतर पापनिवेदनाला गेला तेव्हा त्याने म्हटलं, फादर, मी एका माणसाचा पत्ता दुसऱ्यांना सांगितला. आणखी काही? आणखी काही नाही. फादर सेल्सोंनी जाळीपलीकडून घाईघाईने क्षमेचे शब्द उच्चारले. त्यांनाही तेव्हा रोज कुणीतरी फोन करून नुसता श्वास ऐकवत असे. पेन्सिलींबद्दल तो जाळीपाशीही कधी बोलला नाही. त्याला वाटे, देवाला नकाशाबद्दल माहीत असेल, पण पेन्सिलींबद्दल कदाचित नसेल.

बाकावर बसल्या बसल्या त्याला एकदम मागे वळून बघावंसं वाटलं. कुणी नव्हतं. शुभ शुक्रवारी मात्र असेल. सदतीसच्या रांगेत चाळीस जोड्या असतील, सगळ्यांच्या अंगावर सारखा जांभळा झगा, सारखी टोपी, आणि त्याच्या मानेवर मागच्याचा श्वास असेल. तो टोपीवाला फार उंच नव्हता. तोही आता म्हातारा झाला असेल, आखडला असेल. गुडघा वाकवणारा माणूस होता तो, त्याचंही कुठल्यातरी मंडळात कार्ड असेल, त्याच्याही खांद्याला लाकूड वाहून गाठ पडली असेल. "काय सुंदर अक्षर आहे हो तुमचं," मागून कुणी कुजबुजलं तर? आणि हीच भीती खरी आहे की नाही याचाही त्याला भरवसा वाटेना. त्या माणसाची भीती त्याला बरी वाटत होती, ती घेऊन बसलं की दुसरी भीती जरा लांब राहायची. दुसरी भीती तोमासाच्या घरातल्या टेबलाची होती. त्या टेबलावर कार्ड असेल, दार उघडं असेल, दिवस कलताना ऊन तिरपं येईल, आणि ती ते कार्ड हातात घेऊन जरा तिरपं धरेल. तिला तिचं झाड ओळखू येईल.

त्या अंगणात तो एकदा गेला होता, इलारियोला नेलं त्याच्या आदल्या वर्षीच्या पवित्र गुरुवारी. चर्चमध्ये फादरांनी बारा जणांचे पाय धुतले, आणि नंतर वस्तीतल्या लोकांनी पेरूच्या झाडाखाली एकमेकांचे धुतले. इलारियोने त्याला ओढूनच नेलं होतं. पत्र्याची घमेली, कोमट पाणी, जुन्या चादरींचे तुकडे. इलारियो त्याच्यासमोर उकिडवा बसला, त्याने क्रिसान्तोचा पाय हातात घेतला आणि हसायला लागला.

"अहो भाऊ, पाय सोडा की! तुम्हीच उचलून धरलाय. मी काय नुसतं पाणी ओतू? वजन टाका माझ्या हातावर."

"जड आहे."

"पायच आहे, चर्च नाही."

तोमासा शेजारी एका म्हातारीचे पाय पुसत होती. तिने वाकून बघितलं आणि ती ओरडली, "अगं बाई, हे तर घरून पाय धुऊन आलेत! नखंसुद्धा कापलीत!" सगळं अंगण हसलं. ते खरं होतं. दुसऱ्यासमोर घाणेरडा पाय कसा धरायचा म्हणून त्याने घरी साबण लावून पाय धुतले होते. इलारियो मात्र हसायचा थांबला आणि त्या धुतलेल्या पायावर त्याने पुन्हा पाणी घातलं, बोटांच्या फटींत आपली खरखरीत बोटं फिरवली, सावकाश, एखादं लाकूड तासून झाल्यावर हात फिरवून बघावं तशी. क्रिसान्तोने शेवटपर्यंत पाय सोडला नाही. पोटरीत गोळा आला तरी सोडला नाही.

घरी पोचला तेव्हा एर्नेस्तिनाने, त्याच्या थोरल्या बहिणीने, मक्याच्या भाकऱ्या तव्यावर टाकल्या होत्या. ती एकोणऐंशी वर्षांची होती आणि सगळं जग उशिरा घरी येतं अशी तिची तक्रार होती.

"तोंड का उतरलंय? माप कमी भरलं वाटतं?"

"एक सदतीस."

"मग? मी तुझ्या आधी आखडले. मी बसले का रडत?"

तो टेबलाशी बसला. त्याचे हात टेबलावर होते आणि त्याला ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटले. "एर्नेस्तिना, तोमासाचं पत्र आलं होतं," तो म्हणाला. "इलारियोच्या तोमासाचं. खूप वर्षं झाली."

"तोमासाचं होय ते? पत्र आहे ते ठाऊक होतं. त्या पुस्तकावरची धूळ कोण पुसतं, पोप? वाचलं नाही हो मी, पाकिटावर बाईचं अक्षर दिसलं, तेवढं पुरे. म्हटलं चला, म्हातारपणी का होईना, याचं कुठेतरी जमलं."

मग त्याने सांगितलं. क्रमाने सांगता आलं नाही. आधी पेन्सिली सांगितल्या, मग झाडाची पानं, मग टोपी. तव्यावरची भाकरी करपली. एर्नेस्तिनाने ती उचलली नाही. धूर डोळ्यांत गेला तेव्हा तिने गॅस बंद केला आणि त्याच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "त्या दिवशी तू घरी येऊन दोनदा जेवलास. मला आठवतंय. पहिलं ताट संपवलंस आणि पुन्हा मागितलंस. मला बरं वाटलं, म्हटलं आज पोराला भूक लागलीय." ती वळली. तिचा चेहरा तिखट नव्हता, घाबरलेला होता, आणि बहिणीला घाबरलेलं त्याने आईच्या आजारपणानंतर पाहिलं नव्हतं. "पाठव कार्ड," ती म्हणाली. "तिचा माणूस तिला मिळू दे. पण हे सगळं लिहू नकोस. जुन्या कागदांत सापडलं म्हण. लिहिलेलं कुणाच्या हातात पडेल सांगता येतं का? त्यांतला एखादा असेल जिवंत, त्यांची मुलं असतील. आणि आपण दोघं म्हातारी, मागच्या गल्लीत, दाराला कडी ही अशी."

"त्यावर रेघा आहेत."

"इस्त्री फिरव. ओला फडका घाल वर आणि फिरव."

"फिरवली होती. पत्र आलं तेव्हा. चमच्याने घासलंसुद्धा. तिरपं धरलं की दिसतं."

"मग तिला कशाला सुचतंय तिरपं धरायचं!" एर्नेस्तिना म्हणाली आणि मटकन खाली बसली.

दोन दिवस तो लिहीत होता. पहिलं पत्र रविवारी दुपारी झालं. ते इतकं चांगलं झालं की वाचताना त्याचे डोळे भरून आले. "तोमासाबाई, आपलं पत्र मिळालं त्यास खूप काळ लोटला, मी पापी, आळशी माणूस, क्षमेस पात्र नाही. जुने कागद चाळताना देवकृपेने हे कार्ड हाती आलं..." अक्षर अजूनही सुंदर होतं. त्याने ते पुन्हा वाचलं. पापी, आळशी, अपात्र, सगळं होतं त्यात, एका ओळीत तो तीनदा खाली वाकला होता, आणि कुठेही लाकूड खांद्याला टेकत नव्हतं. त्याला घरून धुऊन नेलेले पाय आठवले. तो उठला, त्याने खिडकी लावली, पुन्हा उघडली. गल्लीतून एक गाडी गेली आणि कोपऱ्यावर थांबली. तो पडद्याआड उभा राहिला. कुणीतरी गॅसचा सिलिंडर उतरवत होतं. तो हसला नाही. हे असंच राहणार, त्याला वाटलं, लिहिलं तरी राहणार आणि न लिहिलं तरी राहणार. आजवर त्याने भीती जायची वाट पाहिली होती, की ती गेली की आपण उत्तर लिहू. बेचाळीस वर्षं ती त्याच्या मापाने आखडली नव्हती.

दुसरं पत्र सोमवारी सकाळी लिहिलं. ते लहान होतं.

"तोमासाबाई, हे इलारियोचं कार्ड. त्यावर खांद्याचं माप आहे आणि मोडलेल्या हाडाची नोंद आहे. हे पेटीत नव्हतं, माझ्याकडे होतं. ते उजेडात तिरपं धरून बघा. ज्या रेघा उमटल्या आहेत त्या माझ्या हाताच्या आहेत. दोन माणसांना तुमच्या घराचा नकाशा मी काढून दिला. दुपारी तीनला काढला. इलारियो साडेपाचला घरी आला. मधल्या वेळात मी त्याला सांगायला जाऊ शकत होतो. गेलो नाही. ऑफिसात पेन्सिलींना टोक करत बसलो. कुणी नेलं ते तुम्ही विचारलं नव्हतं. मी सांगतो आहे. हाडं तपासणाऱ्यांपुढे किंवा कुठल्याही ऑफिसात हे बोलायचं असेल तर मी येईन. पुरण्याच्या दिवशी खड्डा खणायला, पेटी उचलायला माणूस लागला तर मला बोलवा. बोलवायचं नसेल तर बोलवू नका."

शेवटी काहीतरी विनम्र लिहायला त्याचा हात पुढे झाला. त्याने तो मागे घेतला आणि नुसतं नाव लिहिलं. नाव वाईट आलं. तसंच ठेवलं.

एर्नेस्तिनाने ते वाचायला मागितलं नाही. दारात तिने त्याच्या कोटाचं बटण लावलं, जे तो स्वतः लावू शकत होता. "पावती घे," एवढंच म्हणाली. मग, "मीही येते." मग, "नको, शेगडीवर चण्यांचं पातेलं आहे." तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ती उघड्या दारात उभी होती.

रस्त्यावर आडव्या बांधलेल्या मोठ्या कमानीखाली पोस्ट होतं. आत गार होतं आणि माणसं थोडी. खिडकीमागची मुलगी केस वर बांधून बसली होती, तिच्या कपाळावर राखेच्या बुधवारची राख नव्हती हे त्याच्या लक्षात आलं, आणि मग आज सोमवार आहे हेही लक्षात आलं.

"केत्साल्तेनांगो," तिने पाकीट उलटसुलट करून तोमासा आता राहायची त्या शहराचं नाव वाचलं. "रजिस्टर करायचं, आजोबा? मग मागे तुमचा पत्ता लागेल. हा काय पत्ता झाला? 'चर्चच्या मागची गल्ली'?"

"तिथे सगळे ओळखतात मला."

"तुम्हाला ओळखत असतील हो, आमच्या माणसाला कोण ओळखतंय? ही बाई घरी नसली, पाकीट परत आलं, किंवा तिने उलट काही पाठवलं, तर तुम्हाला शोधायचं कुठे?"

तुम्हाला शोधायचं कुठे. मागे रांगेत दोघे होते, एकाच्या हातात टोपी होती. क्रिसान्तोने मागे वळून त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्याच्याच वयाचा कुणी म्हातारा, कंटाळलेला, पार्सलाची दोरी बोटाला गुंडाळत उभा. तो नसेल. असलाही तरी. क्रिसान्तो खिडकीकडे वळला.

"पेन्सिल आहे?" त्याने विचारलं.

तिने पेन दिलं. त्याने पाकीट पालथं केलं आणि आपल्या नावाखाली चर्च काढलं, चर्चच्या मागचं वळण काढलं, कोपऱ्यावरचा बंद पडलेला नळ काढला. मग गल्ली. डावीकडून तिसरं दार. दारासमोर एर्नेस्तिनाने लावलेलं लिंबाचं झाड होतं, तेही काढलं. तो सावकाश काढत होता. झाडाला पानं काढायची की नाही असा तो क्षणभर थांबला, आणि मग त्याने तीही काढली, म्हणजे कुणालाही चूक होऊ नये.

"बापरे," मुलगी म्हणाली, "किती सुंदर काढलंत! आता कुणीही सरळ तुमच्या दारात येईल बघा."

"हो," तो म्हणाला.

तिने पाकीट काट्यावर ठेवलं, तिकीट चिकटवलं, शिक्का मारला, पावती फाडून दिली. मग भिंतीतल्या पितळी फटीकडे बोट दाखवलं. तिथे तुम्हीच टाका म्हणाली, आतली पेटी अकराला उघडतात. तो फटीपाशी गेला. पाकीट अर्धं आत सरकवलं आणि धरून उभा राहिला. पोटरीत जुना गोळा आल्यासारखं वाटलं. आतून अंधाराचा गार वारा बोटांना लागत होता. मागे कुणीतरी खाकरलं. बाहेर कमानीखाली एक गाडी येऊन थांबली आणि तिचं इंजिन चालूच राहिलं. तो ते ऐकत होता. तरी त्याने बोटं सोडली.